अमळनेर ते महेंद्रगिरी: टाकून द्यायची रॉकेटे, परत येणारी रॉकेटे आणि खानदेश

खानदेश आणि आकाश यांचा संबंध सांगताना इतिहासलेखक बहुधा चाळीसगावजवळच्या पाटण येथे थांबतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केल्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे, आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणल्यापासून जळगाव जिल्ह्याच्या प्रत्येक गौरवग्रंथात त्याला पहिले पान मिळत आले आहे. मात्र अवकाशात यान पाठविण्याचा व्यवसाय कसा उभा राहिला, त्यात खासगी भांडवल कोणत्या वाटेने शिरले आणि एकदा उडालेले यंत्र पुन्हा कामाला लावण्याचा खटाटोप कोणत्या हिशेबातून सुरू झाला, हे जाणून घ्यायचे तर त्याच जिल्ह्यातील भुसावळची आयुध निर्माणी आणि अमळनेरची तेलगिरणी या दोन ठिकाणांकडे पाहणे अधिक फलदायी ठरते.

रॉकेट एकदाच वापरायचे आणि मग ते नष्ट झाले म्हणून हळहळायचे नाही, ही वृत्ती रॉकेटाच्या लष्करी कुळातून आलेली आहे. शत्रूवर सोडलेले अस्त्र परत यावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचे व्ही-२ हे अस्त्र होते. १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह कक्षेत नेणारे सोव्हिएत आर-७ हे मुळात आंतरखंडीय क्षेपणास्त्र होते, आणि १९६२ साली जॉन ग्लेन यांना पृथ्वीप्रदक्षिणेसाठी नेणारे अमेरिकेचे ॲटलसही त्याच जातीचे. अस्त्र म्हणून आखलेल्या यंत्रावर अस्त्राच्या जागी उपग्रह ठेवला गेला, तरी त्याची बांधणी आणि त्यामागचा हिशेब जुनाच राहिला. भुसावळ येथे १९४९ साली स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत हे मूळ रूप आजही पाहता येते. पुण्यातील पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पिनाका या बहुनळी रॉकेटप्रणालीचे पॉड, म्हणजे सहा-सहा रॉकेटे एकत्र ठेवण्याचे आणि तेथूनच डागण्याचे नळ्यांचे जुडगे, या कारखान्यात तयार होतात. एका वाहनावर असे दोन पॉड बसतात आणि त्यांतील बारा रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात. त्यांतील एकही परत यावयाचे नसते, आणि रॉकेटाचा हा सर्वांत प्रामाणिक उपयोग म्हणावा लागेल, कारण येथे खर्च आणि हेतू यांत विसंगती नाही.

विसंगती निर्माण होते ती रॉकेट भाड्याच्या वाहतुकीचे साधन बनते तेव्हा. उपग्रह कक्षेत सोडून देण्यासाठी लागणारे इंधन तुलनेने स्वस्त असते. खर्चाचा मोठा भाग असतो तो टाक्या, इंजिने, पंप आणि मार्गदर्शक यंत्रणा यांचा, आणि हे सगळे काही मिनिटांत समुद्रात जाते. अमेरिकेच्या स्पेस शटलने १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणे करून पुनर्वापर शक्य असल्याचे सिद्ध केले, तथापि प्रत्येक फेरीनंतर उष्णतारोधक फरशांची तपासणी आणि इंजिनांची दुरुस्ती एवढी करावी लागे की अपेक्षित बचत कधीच हाती आली नाही. पुनर्वापर आणि स्वस्ताई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा शटलचा खरा धडा होता, आणि खासगी कंपन्यांनी तो सरकारी संस्थांपेक्षा लवकर घेतला.

खासगी प्रयत्नांचा पहिला टप्पा २००४ सालचा. बर्ट रुटान यांच्या कंपनीने बांधलेले स्पेसशिपवन हे छोटे यान त्या वर्षी २९ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर असे दोनदा १०० किलोमीटरच्या वर गेले आणि एकाच यानाने दोन आठवड्यांत दोन उड्डाणे करण्याची अट असलेले पारितोषिक त्याने मिळविले; अर्थात ते कक्षेत गेले नव्हते, वर जाऊन खाली आले होते, आणि हा भेद लहान नाही. कक्षेत राहण्यासाठी सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, तर नुसती उंची गाठण्यासाठी त्याचा अंशच पुरतो. स्पेसएक्स या कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये आपले ड्रॅगन यान कक्षेतून समुद्रात सुखरूप उतरविले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा फ्लोरिडातील जमिनीवर उभा उतरला. येथे टप्पा ही संज्ञा समजून घ्यावी लागते: प्रक्षेपक म्हणजे एकावर एक रचलेल्या स्वतंत्र रॉकेटांची उतरंड असते, खालच्याचे इंधन संपले की तो गळून पडतो आणि वरचा पेट घेतो. पहिला टप्पा सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग, परंतु तो कक्षेच्या वेगापर्यंत पोहोचत नसल्याने परत आणण्यास त्यातल्या त्यात सोपा. त्यासाठी थोडे इंधन राखून ठेवावे लागते, इंजिन हवेत पुन्हा पेटवावे लागते आणि त्याचा जोर कमी-जास्त करता यावा लागतो. राखलेल्या इंधनाच्या प्रमाणात वाहून नेण्याचा माल घटतो. मार्च २०१७ मध्ये असा वापरलेला टप्पा दुसऱ्यांदा उडाला, आणि पुढे एकच टप्पा वीसपेक्षा अधिक वेळा वापरण्यापर्यंत मजल गेली. दुसरा टप्पा मात्र प्रत्येक खेपेस नवा लागतो, हे उत्साही वर्णनांतून सहसा सुटते.

भारताचा पीएसएलव्ही, म्हणजे ध्रुवीय कक्षेत उपग्रह सोडण्यासाठी आखलेला आणि १९९३ सालापासून उडणारा चार टप्प्यांचा प्रक्षेपक, या पद्धतीने परत येऊ शकत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. त्याचा पहिला आणि तिसरा टप्पा घन इंधनाचा असतो. रबरासारख्या बंधकात मिसळून नळकांड्यात ओतलेले हे इंधन एकदा पेटले की विझविता येत नाही, मंद करता येत नाही आणि पुन्हा पेटविता येत नाही. पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन मावते. एवढे इंधन जळतानाचा दाब सहन करणारी पोलादी नळकांडी बनविणे हे भारतातील खासगी उद्योगाचे अवकाशक्षेत्रातील सर्वांत जुने काम, आणि त्याचा एक प्रमुख पत्ता पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला सापडतो. वालचंद हिराचंद यांनी जेथे साखर कारखाना उभारला, तेथेच साखर कारखान्यांची यंत्रे बनविणारी कर्मशाळा तयार झाली, आणि जाड पत्रा वाकविणे, जोडणे व दाबाखाली तपासणे हे कसब इस्रोच्या कामी आले. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात द्रव इंधनावर चालणारी विकास इंजिने बनली, तर पवईच्या लार्सन ॲण्ड टुब्रोने मोठ्या बूस्टरांची नळकांडी घडविली. अलीकडची भर नागपूरची आहे: हैदराबादच्या स्कायरूट या खासगी कंपनीने आपल्या विक्रम प्रक्षेपकासाठी बनविलेल्या कलाम-१०० या घन इंधनाच्या मोटरीची पूर्ण चाचणी मे २०२२ मध्ये सोलर इंडस्ट्रीजच्या नागपूर येथील आवारात झाली.

या सर्व कारखान्यांचे अर्थकारण प्रत्येक उड्डाणाला नवा माल लागतो या गृहीतकावर उभे आहे. नळकांडे समुद्रात बुडते म्हणून पुढच्या वर्षी नव्या नळकांड्याची मागणी येते. शटलची घन इंधनाची नळकांडी हवाई छत्रीच्या साहाय्याने अटलांटिक महासागरात उतरवून, धुऊन, पुन्हा भरली जात असत, त्यामुळे पोलादी नळकांड्याचा पुनर्वापर अशक्य नाही. पण वर्षाकाठी मोजकीच उड्डाणे करणाऱ्या देशात अशी यंत्रणा उभारणे कारखानदाराच्याही हिताचे नव्हते आणि खरेदीदाराच्याही. वर्षाला चार-पाच उड्डाणे असताना एकच संच दहा वेळा वापरला, तर तो बनविणारे हात मधल्या काळात रिकामे बसतात आणि कसब विसरले जाते. महाराष्ट्रातील कारखान्यांनी पुनर्वापराची हाक उशिरा ऐकली याचा दोष देण्यापूर्वी हा हिशेब पाहणे न्याय्य ठरेल.

या पार्श्वभूमीवर अमळनेरचे प्रकरण लक्षणीय ठरते, कारण तेथे उगम पावलेल्या कंपनीने खर्च कमी करण्याची निराळीच वाट धरली. बोरी नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव १९०६ साली खानदेशचे विभाजन झाल्यावर पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात गेले, आणि धुळे हे पश्चिम खानदेशचे मुख्य ठिकाण झाले. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग अमळनेरवरून जात असल्याने कापूस आणि तेलबियांच्या व्यापाराला तेथे बळ मिळाले. प्रताप शेठ यांच्या कापडगिरणीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच गावाला कारखान्याचा भोंगा ऐकविला होता. धुळे, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा या पट्ट्यात कापसाबरोबर भुईमूग पसरला, आणि सरकी व शेंगा यांच्या भोवती तेलगिरण्या, ढेपेचा व्यापार आणि अडत असा सगळा संसार उभा राहिला.

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी नोंदविली आणि तिचा कारखाना अमळनेरला चालविला. किसान, सनफ्लॉवर आणि कॅमल या नावांनी विकले जाणारे वनस्पती तूप हे तिचे मुख्य उत्पादन. वनस्पती तूप बनविण्याची क्रिया, जिला हायड्रोजनीकरण म्हणतात, ती अशी: शुद्ध केलेल्या तेलात निकेलच्या सूक्ष्म कणांच्या सान्निध्यात, उष्णता आणि दाब देऊन, हायड्रोजन वायू सोडला असता तेलातील रेणूंची रचना बदलते आणि पातळ तेल थंड झाल्यावर घट्ट राहते. ज्वालाग्राही वायू हाताळणे, दाबपात्रे निर्धोक ठेवणे आणि झडपांची गळती रोखणे ही त्या धंद्याची रोजची चिंता होती. तथापि येथून सरळ रेघ ओढून तेलगिरणीतील कसबाने पुढे रॉकेटचे इंजिन घडविले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अमळनेरहून पुढे गेले ते भांडवल, मालकी आणि मिळालेला नफा नव्या यंत्रोद्योगात घालण्याची सवय.

१९६६ साली संस्थापकांच्या निधनानंतर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले आणि कंपनीचा कारभार त्यांच्याकडे आला. तेल-साबणाच्या पुढे पाहण्याचा त्यांचा पहिला गंभीर प्रयत्न संगणकाचा नव्हता; १९७० च्या दशकाच्या मध्यात कंपनीने हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबावर दट्ट्या पुढे-मागे सरकवून जड वजन उचलणारी नळकांडी, बनविण्यास आरंभ केला. माती उकरणाऱ्या आणि माल उचलणाऱ्या यंत्रांत ती लागतात. १९७७ साली नावातील वनस्पती गळून विप्रो प्रॉडक्ट्स असे नाव आले, नंतर संगणक आणि सॉफ्टवेअर आले, आणि पुढची कीर्ती इतकी मोठी झाली की अमळनेर म्हटले की लोकांना शेअर धरून ठेवून धनवान झालेली कुटुंबे आठवू लागली. अमळनेरच्या वर्तमानपत्री कथांचा बहुतेक भर याच शेअरांवर असतो, आणि त्या भरात कंपनीची यंत्रे बनविणारी शाखा कायम उपेक्षित राहिली.

वस्तुतः व्यवसायाच्या दृष्टीने तीच शाखा तेलगिरणीची अधिक जवळची नातलग आहे. २०१३ साली सॉफ्टवेअर वगळता उरलेले सारे व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीत घालण्यात आले, त्यामुळे साबण व घरगुती वस्तूंचा विभाग आणि हायड्रॉलिक यंत्रांचा विभाग हे एका छपराखाली राहिले, तर सॉफ्टवेअरची जगप्रसिद्ध कंपनी वेगळी राहिली. बंगळूरच्या या यंत्रविभागातूनच विप्रो थ्रीडी हा धातूच्या त्रिमितीय मुद्रणाचा उपक्रम निघाला. या मुद्रणात धातूची अत्यंत बारीक भुकटी पातळ थरात पसरतात, लेसर किरणाने आकृतीप्रमाणे तेवढाच भाग वितळवितात, त्यावर दुसरा थर पसरतात, आणि असे अनेक थर चढवून वस्तू तळापासून वर घडत जाते. जून २०१७ मध्ये जीसॅट-१९ हा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला, तेव्हा त्यावर विप्रो थ्रीडीने अशा रीतीने बनविलेला एक अँटेनाचा भाग होता.

इंजिनाची पाळी त्यानंतर आली. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यात, ज्याला पीएस-४ म्हणतात, दोन सारखी द्रव इंजिने असतात. प्रत्येकाचा जोर निर्वात अवस्थेत ७.३३ किलोन्यूटन. मोनोमिथाइल हायड्रॅझीन हे इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे ज्वलनास ऑक्सिजन पुरविणारे द्रव्य ही दोन्ही सामान्य तापमानात साठविता येतात आणि एकमेकांस भेटताच पेट घेतात, म्हणून ठिणगीची यंत्रणा लागत नाही. ती इंजिनापर्यंत नेण्याचे काम पंपाऐवजी वायूचा दाब करतो. पारंपरिक पद्धतीने हे इंजिन १४ भागांचे असे, त्यांना १९ ठिकाणी वेल्डिंगचे जोड लागत, आणि ठोकून घडविलेला धातू व पत्रे मिळून ५६५ किलोग्रॅम कच्चा माल खर्ची पडे, ज्यातला बहुतेक भाग कातकामात भुसा होऊन निघून जाई. इस्रोच्या द्रव प्रणोदन प्रणाली केंद्राने मुद्रणास योग्य असा आराखडा नव्याने केला, विप्रो थ्रीडीने ते इंजिन एकसंध बनविले, आणि त्यासाठी १३.७ किलोग्रॅम भुकटी पुरली. जोड एकही राहिला नाही आणि उत्पादनास लागणारा एकूण वेळ ६० टक्क्यांनी घटला. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे आधी एकूण ७४ सेकंदांच्या चार लहान चाचण्या झाल्या, आणि ९ मे २०२४ रोजी ते सलग ६६५ सेकंद चालले.

फेकून द्यायच्या वस्तूत मुळात कमी जीव ओतावा, हा या इंजिनामागचा विचार आहे. परत आणण्याऐवजी बनविण्याचाच खर्च कमी करण्याची ही वाट स्पेसएक्सच्या वाटेपेक्षा वेगळी असली तरी दोन्ही एकाच हिशेबाची उत्तरे आहेत. वर्षाला शंभराहून अधिक उड्डाणे करणाऱ्या कंपनीला परत येणारा टप्पा परवडतो; मोजकी उड्डाणे करणाऱ्या संस्थेला स्वस्तात बनणारे इंजिन अधिक लाभते. आठवड्यांचे काम दिवसांवर आणणारा कारखाना मागणी वाढली तर पुरवठा वाढवू शकतो आणि मागणी घटली तर ठोकलेल्या धातूच्या ढिगाखाली दबत नाही.

चौथ्या टप्प्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. हा टप्पा उपग्रहाबरोबर स्वतःही कक्षेत पोहोचतो, त्यामुळे त्याला खाली आणायचे तर कक्षेचा सारा वेग वातावरणात जिरवावा लागेल आणि उष्णतेपासून वाचविणारे जड कवच लागेल, जे या आकाराच्या टप्प्याला झेपणारे नाही. इस्रोने म्हणून त्याचा पुनर्वापर जेथे आहे तेथेच केला. २०१५ सालापासून हे इंजिन एकाच उड्डाणात बंद करून पुन्हा पेटविण्याचे प्रयोग झाले, २०१६ पासून त्यामुळे एका प्रक्षेपकाने दोन निरनिराळ्या कक्षांत उपग्रह सोडता आले, आणि २०१९ पासून काम संपलेल्या टप्प्यावर प्रयोगांची उपकरणे बसविण्यास सुरुवात झाली. ३० जून २०२२ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी५३ च्या चौथ्या टप्प्याला टाकीभोवतीच्या सौरपट्ट्यांची वीज आणि दिशा स्थिर ठेवणारी हेलियम वायूची छोटी झोतयंत्रे देण्यात आली, आणि या व्यवस्थेस पोएम हे नाव मिळाले. विद्यापीठे आणि नवोदित खासगी कंपन्या यांना स्वतःचा उपग्रह न बांधता उपकरण अवकाशात तपासण्याची सोय त्यामुळे झाली. डिसेंबर २०२४ मधील चौथ्या पोएमवर २४ उपकरणे होती. त्यांत मुंबईच्या मनस्तु स्पेस या कंपनीचे उपग्रहांसाठीचे छोटे इंजिन होते, मुंबईच्याच अमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींवरील प्रयोग होता, आणि इस्रोच्या प्रयोगात चवळीला कोंब फुटले. २०२४ सालच्या जानेवारीतील तिसऱ्या पोएमला आधी सुमारे ६५० किलोमीटरवरून ३५० किलोमीटरच्या कक्षेत उतरविण्यात आले आणि मार्च महिन्यात ते वातावरणात जळून नाहीसे झाले, त्यामुळे कक्षेत कचरा राहिला नाही. अमेरिकेतील नेत्रदीपक उतरणीच्या तुलनेत हा पुनर्वापर मराठी वाचकांपर्यंत फारच थोडा पोहोचला आहे.

परत आणण्याच्या दिशेनेही भारताची पावले पडली, पण ती सरकारी प्रयोगशाळांची होती. जानेवारी २००७ मध्ये ५५० किलोग्रॅमची एक कुपी कक्षेत बारा दिवस राहून बंगालच्या उपसागरातून उचलण्यात आली. २३ मे २०१६ रोजी पंख असलेल्या पुनर्वापर यानाच्या नमुन्याचे पहिले उड्डाण झाले, आणि कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून सोडलेल्या पुढच्या नमुन्याने २०२३ आणि २०२४ मध्ये तीनदा धावपट्टीवर आपोआप उतरून दाखविले. यातील तिसऱ्या खेपेस, २३ जून २०२४ रोजी, दुसऱ्या खेपेचेच पंखधारी शरीर आणि उड्डाणयंत्रणा काहीही न बदलता वापरण्यात आली. खासगी उद्योगाला २०२० साली दार उघडले, २०२३ च्या अवकाश धोरणाने त्याला चौकट दिली, आणि १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपये खर्चाच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकास मान्यता दिली. पृथ्वीलगतच्या कक्षेत ३० टनांपर्यंत भार नेणाऱ्या या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा परत येणारा असेल आणि त्याच्या विकासात आरंभापासून उद्योगांचा वाटा राहील असे त्यात ठरले.

हा प्रक्षेपक प्रत्यक्षात आला तर घन इंधनाच्या मोठ्या नळकांड्यांची मागणी उतरू लागेल आणि वालचंदनगरसारख्या ठिकाणी कामाचे स्वरूप बदलेल. मुद्रित इंजिनांपुढचा प्रश्न वेगळा आहे. एकदाच उडणाऱ्या इंजिनाने आपल्या उड्डाणाचा काळ सोसला की पुरे होते, म्हणून पीएस-४ च्या पूर्ण चाचणीचा कालावधी ६६५ सेकंद एवढा ठरला. परंतु दहा-वीस वेळा तापून थंड होणाऱ्या इंजिनात भुकटीच्या थरांमधील सूक्ष्म पोकळ्यांपासून तडे वाढतात काय, हे दीर्घ चाचण्यांनीच कळते, आणि जोड नसलेल्या एकसंध इंजिनाचा भाग बिघडला तर तो भाग बदलता येत नाही, सारे इंजिनच बदलावे लागते. जोडाचे इंजिन बनविण्यास महाग पण दुरुस्त करण्यास सोपे, एकसंध इंजिन बनविण्यास स्वस्त पण दुरुस्तीस अवघड: या दोहोंतील निवड उड्डाणांच्या संख्येवर अवलंबून राहणार आहे, आणि ती संख्या भारतात अद्याप वर्षाला दोन आकड्यांत गेलेली नाही.